कॉफीचे रोगप्रतिकारक वाण: पुण्यातल्या कॉफीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

पुण्यात कॉफीच्या गप्पा रंगतात त्या बहुधा भाजणीवर, फिल्टरवर, चिकोरी हवी की नको यावर. झाडाचा विषय निघतो तो पाकिटावरचा एखादा आकडा वाचून, नाहीतर मुळशीकडे कोणाची तरी दोन एकर जमीन पडून असते म्हणून. माझं शिक्षण गव्हाच्या पैदाशीतलं, कॉफीकडे वळलो ते पिण्याच्या निमित्ताने. त्यामुळे ओळखीपाळखीतून हे प्रश्न माझ्याकडे येत राहतात, तेच इथे एकत्र केले आहेत. कॉफीच्या वाणांचं काम पुण्यात होत नाही, कर्नाटकात होतं. तेव्हा बरीचशी हकिकत चिकमगळूर-कोडगूकडची आहे.

पाकिटावर 'एस. ७९५', 'चंद्रगिरी', 'सिलेक्शन ९' असं लिहिलेलं असतं. ते काय असतं?

वाणांची नावं. गव्हात लोकवन, द्राक्षात थॉमसन, तशीच ही. 'सिलेक्शन' म्हणजे बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेने पारखून बाहेर काढलेला वाण. चिकमगळूर जिल्ह्यातलं हे केंद्र म्हैसूर संस्थानाच्या काळात, १९२५ साली सुरू झालं आणि पुढे कॉफी बोर्डाकडे गेलं. पाकीट विकणारा नावाखाली चॉकलेट, संत्र्याची साल वगैरे लिहितो. प्रत्यक्षात यातला जवळपास प्रत्येक वाण निवडला गेला तो तांबेऱ्यापुढे, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगापुढे, टिकतो का हे आधी बघून. कपातली चव नंतर तपासली गेली.

थोडक्यात घराणी सांगायची तर एस. ७९५ हा केंट आणि एस. २८८ यांचा संकर. सिलेक्शन ९ मध्ये इथिओपियातला ताफारिकेला आणि तिमोर संकर एकत्र आले आहेत. कावेरी हा कॅटिमोर, म्हणजे कातुरा आणि तिमोर संकर. चंद्रगिरी हा व्हिया सार्ची आणि तिमोर संकर यांच्या पोटातला, २००७ साली मळेवाल्यांना मिळालेला. 'तिमोर' हे नाव वारंवार येतंय हे लक्षात आलं असेल. त्याच्याकडे येतोच.

तांबेरा म्हणजे गव्हावर येतो तोच का?

नाव एक, बुरशी वेगळी. गव्हावर येणाऱ्या बुरशी पक्सिनिया कुळातल्या, कॉफीवरची हेमिलिया व्हॅस्टॅट्रिक्स. एकीचा दुसऱ्या पिकाला त्रास नाही. लक्षण मात्र आपल्या शेतकऱ्याला लगेच ओळखू येईल असं: पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी पूड, बोट फिरवलं की बोटाला लागते. ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. बीजाणू रुजायला पानावर पाणी लागतं, कोरड्या पानावर त्याचं काही चालत नाही. रुजला की पर्णरंध्रातून आत शिरतो आणि काही आठवड्यांत नवी पूड बाहेर पडते. पान गळून जातं. यंदाची फळं कशीबशी पिकतात, पण पानंच उरली नाहीत तर पुढच्या हंगामाची फांदी वाढत नाही. म्हणून खरा फटका पुढच्या वर्षी बसतो, आणि नवखा माणूस गाफील राहतो.

गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारं केंद्र आपल्याकडे महाबळेश्वरला आहे. तिथल्या माणसाला कॉफीतली एकूण कहाणी सांगितली तर त्याला नवल वाटणार नाही: नवा वाण येतो, काही वर्षं गाजतो, बुरशीचा नवा प्रकार उभा राहतो, वाण पडतो. पण गहूवाल्याला एक सोय आहे. वाण पडला तर पुढच्या रब्बीला दुसरा पेरता येतो. कॉफीचं झाड तीस-चाळीस वर्षं त्याच खड्ड्यात उभं असतं, आणि तेवढ्या काळात बुरशीच्या शेकडो पिढ्या होऊन जातात. कॉफीच्या पैदाशीतली बहुतेक सगळी अडचण या एका गोष्टीतून निघते. पुढची बरीच उत्तरं फिरून इथेच येतील.

श्रीलंकेची कॉफी खरंच तांबेऱ्याने संपली?

हो. १८६९ साली तिथे तांबेऱ्याची नोंद झाली, तेव्हा सिलोन जगातल्या मोठ्या कॉफी निर्यातदारांत होतं. १८८० च्या सुमारास मार्शल वॉर्ड या तरुण इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाला तिकडे पाठवलं गेलं. त्याने बुरशीचं जीवनचक्र उलगडलं आणि डोंगरच्या डोंगर एकाच पिकाखाली आणल्याने रोगाचं फावलं, हेही सांगितलं. तोवर उशीर झाला होता. मळे चहाखाली गेले. यामुळेच इंग्रज चहा प्यायला लागले असं जे सांगतात ते मात्र रचलेलं आहे. ते त्याआधी शंभरेक वर्षं चहा पीतच होते.

मग भारतातली कॉफी कशी वाचली?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी कथा आहे. सातचा आकडा खरा-खोटा काहीही असो, अरबस्तानातून बाहेर पडलेलं बी मूठभर होतं यात वाद नाही. त्यात अरेबिका, म्हणजे कॉफीची ही जात, बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळते. म्हणजे जगभरच्या मळ्यांतली अरेबिका ही जवळच्या नात्यातली झाडं. एकाला जो रोग लागतो तो सगळ्यांना लागतो. तांबेरा सिलोनमागोमाग दक्षिण भारतात उतरला तेव्हा 'चिक' म्हणून ओळखली जाणारी जुनी कॉफी त्यापुढे टिकली नाही.

१९११ मध्ये केंट नावाच्या इंग्रज मळेवाल्याने म्हैसूर संस्थानातल्या आपल्या मळ्यात तांबेऱ्याला दाद न देणारं झाड हेरलं आणि त्याचं बी वाढवलं. 'केंट' वाण तो हाच. जगात तांबेऱ्याविरुद्ध मुद्दाम निवडून पसरवलेल्या पहिल्या वाणांपैकी एक. काही वर्षं सगळीकडे त्याचा बोलबाला झाला आणि मग त्याच्याही पानांवर नारिंगी पूड दिसायला लागली. मळेवाल्यांना वाटलं वाणाचा कस उतरला. बाळेहोन्नूरला काम करणाऱ्या मेन या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की झाड आहे तसंच आहे, बुरशी बदलली आहे. तांबेऱ्याच्या या प्रकारांना 'रेस' म्हणतात. कॉफीच्या तांबेऱ्यात रेस असतात हे जगाला प्रथम कळलं ते चिकमगळूर जिल्ह्यातून. आपल्या शाळेच्या पुस्तकांत मात्र हे कुठेच नाही.

पुढची पायरी नशिबाची होती. लिबेरिका नावाची कॉफीची एक दांडगी जात आहे, मोठी पानं, मोठी फळं, पेयाला फारशी कोणाची पसंती नाही. तिचा आणि अरेबिकाचा आपोआप झालेला एक संकर केंद्राच्या हाती लागला. त्याचं नाव एस. २६. त्याच्या वंशातला एस. २८८ तांबेऱ्याच्या तेव्हा माहीत असलेल्या रेसना पुरून उरत होता, पण दाण्यात दोष होते. म्हणून त्याचा संकर केंटशी केला. त्यातून १९४० च्या दशकात एस. ७९५ मळेवाल्यांच्या हाती आला. लिबेरिकाकडून आलेलं तांबेरा-प्रतिकारक जनुक शास्त्रज्ञ 'एसएच ३' या नावाने ओळखतात. त्याने दीर्घकाळ साथ दिली. आज त्याच्यावर मात करणाऱ्या रेस आहेत आणि एस. ७९५ वर तांबेरा येतो, तरी मळेवाल्यांनी त्याला सोडलेलं नाही. हा वाण इंडोनेशियातही गेला. तिथे तो जेंबर गावच्या संशोधन केंद्रातून पसरला, म्हणून त्याला जेंबर म्हणतात.

प्रतिकारशक्ती 'मोडते' म्हणजे नेमकं काय होतं?

झाडातलं एक प्रतिकारक जनुक बुरशीतली एक विशिष्ट खूण ओळखतं. सोसायटीच्या गेटवर असा वॉचमन बसवला आहे समजा, ज्याला एकाच चोराचा चेहरा पाठ आहे. तो चोर आला की शिट्टी वाजते, शिरकावाच्या जागी झाड स्वतःच्याच मोजक्या पेशी मारून टाकतं आणि बुरशीला उपाशी ठेवतं. चोराने मिशा काढल्या की वॉचमन त्याला सलाम ठोकून आत सोडतो. बुरशीत अशी खूण हरवलेला एखादा बीजाणू निघायला वेळ लागत नाही. आजूबाजूला लाखो झाडं त्याच वाणाची असली की त्याला सगळं रान मोकळं.

पोर्तुगालमध्ये ओएराशला १९५५ साली तांबेऱ्याच्या अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं. कॉफी न पिकणाऱ्या देशात का, तर तिथून बुरशी निसटली तरी कोणाचा मळा बुडत नाही. जगभरातून नमुने तिथे जातात. त्या कामातून तांबेऱ्याच्या पन्नासच्या वर रेस आणि कॉफीतली 'एसएच १' ते 'एसएच ९' अशी जनुकं समोर आली. काही अरेबिकाची स्वतःची, तिसरं लिबेरिकाचं, शेवटची काही रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीकडून आलेली.

म्हणून 'रोगप्रतिकारक वाण' हे शब्द ऐकले की माझा पहिला प्रश्न असतो: कोणत्या रोगाचा, आणि कधी तपासलेला?

तिमोर संकर म्हणजे काय?

तिमोर बेटावर १९२० च्या दशकात एक झाड सापडलं. दिसायला अरेबिकासारखं, पण तांबेरा लागत नव्हता. अरेबिका आणि रोबस्टा यांचा तो निसर्गात आपोआप जुळलेला संकर निघाला. मध्य अमेरिका, कोलंबिया, ब्राझील, केनिया, भारत, कुठलाही आधुनिक तांबेरा-प्रतिकारक अरेबिका वाण घ्या, त्याच्या मागे बहुधा हेच झाड उभं आहे. हीच मला काळजीची बाब वाटते. सगळ्यांनी एकाच झाडावर भिस्त ठेवली आहे, आणि बुरशी ती जनुकं एकेक करून ओलांडते आहे. भारतात कावेरी वाण १९८० च्या दशकात मोठ्या अपेक्षेने आला आणि काही वर्षांत त्याच्यावर तांबेरा दिसू लागला. होंडुरासमध्ये लेंपिरा या कॅटिमोर वाणाचं २०१७ च्या सुमारास तेच झालं.

अरेबिका आणि रोबस्टाचा संकर मुद्दाम करता येत नाही का?

येतो, पण सरळ नाही. अरेबिकात ४४ गुणसूत्रं असतात, रोबस्टात २२. दोघांचं पोर ३३ गुणसूत्रांचं, आणि तीनाच्या हिशेबात जोड्या लागत नाहीत. झाड वाढतं, फुलतं, पण बी जवळजवळ धरत नाही. यावर दोन वाटा आहेत. पहिली, त्या वांझ झाडावर पुन्हा पुन्हा अरेबिकाचे पराग टाकत राहायचं आणि जे थोडं बी मिळेल ते जपायचं. दुसरी, रोबस्टाची गुणसूत्रं कोल्चिसिन या रसायनाने आधी दुप्पट करून घ्यायची. ब्राझीलचा इकातू वाण या दुसऱ्या वाटेने आला.

यातली गंमत अशी की अरेबिका ही मुळात संकरच आहे. लाखो वर्षांपूर्वी रोबस्टा आणि युजेनिऑइडिस या दोन जाती एकत्र येऊन ती झाली. तेव्हा 'शुद्ध अरेबिका'चा अभिमान जरा बेतानेच बाळगावा.

एक वाण तयार व्हायला किती वर्षं लागतात?

जुन्या पद्धतीने वीस-पंचवीस, कधी जास्तच.

हिशेब करून बघा. मार्च-एप्रिलच्या वळवाच्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत मळा एकदम फुलतो आणि दोन-तीन दिवसांत फुलं कोमेजतात. संकर करायचा तो तेवढ्यात. कळी उमलायच्या आधी पुंकेसर काढून टाकायचे, पिशवी बांधायची, दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे. फळ पिकायला आठ-नऊ महिने. बी रुजायला दीड-दोन महिने, रोप मळ्यात जाईपर्यंत वर्षभर, पहिलं फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी. म्हणजे एक पिढी पाच वर्षांची. गुण स्थिर व्हायला अशा पाच-सहा पिढ्या. मधल्या काळात तांबेऱ्याची परीक्षा, उत्पन्नाची, दाण्याच्या आकाराची, मग चवीची. ज्याने पहिला संकर केला तो माणूस बहुधा वाण बाहेर पडायच्या आधी निवृत्त होतो.

आता दोन गोष्टींनी वेळ वाचतो. पानाच्या तुकड्यातून डीएनए काढून रोपवाटिकेतच बघता येतं की हवं ते जनुक आलं आहे का. एकाच झाडात दोन-तीन प्रतिकारक जनुकं जमवायची असतील तर याशिवाय गत्यंतर नाही, कारण एक जनुक काम करत असेल तर दुसरं आहे की नाही हे पान बघून कळतच नाही. कॉफी बोर्डाचं या प्रकारचं काम म्हैसूरच्या प्रयोगशाळेत चालतं. दुसरी वाट मध्य अमेरिकेत रुळते आहे: पहिल्या पिढीचा संकरच ऊतीसंवर्धनाने हजारोंच्या संख्येने वाढवायचा, स्थिर करण्याच्या भानगडीत पडायचंच नाही. रोप महाग पडतं आणि त्याचं बी धरून पुढे लावता येत नाही, हा त्यातला तोटा.

एकच जनुक मोडतं, तर अनेक वाण मिसळून का लावत नाहीत?

कोलंबियाने तेच केलं. १९८२ मध्ये 'कोलंबिया' आणि २००५ मध्ये 'कास्तियो' हे वाण त्यांनी दिले ते अनेक बहीणभावांच्या बियांचं मिश्रण म्हणून. झाडं दिसायला सारखी, आतून थोडी वेगवेगळी. बुरशीला एकाच युक्तीने सगळा मळा घेता येत नाही. १९८३ साली तांबेरा कोलंबियात शिरला, म्हणजे त्यांनी पाऊस यायच्या आधी छप्पर शाकारलं होतं. माझ्या मते तांबेऱ्याच्या बाबतीत जगात सर्वात शहाणपणाने वागलेला देश हाच.

रोबस्टाचं रक्त आलं की चव बिघडते?

काही कॅटिमोरांची चव खरंच सपक आणि मागे थोडी तुरट असते. पण सगळ्याच संकरांना त्यात ओढणं बरोबर नाही. वाणाइतकाच परिणाम उंचीचा, पिकलेली फळंच तोडली का याचा, आंबवण्याचा आणि वाळवण्याचा असतो. चांगल्या उंचीवरचं नीट वाळवलेलं सिलेक्शन ९ आणि अर्धकच्ची तोडलेली 'शुद्ध' अरेबिका शेजारी ठेवून पिऊन बघा. फर्ग्युसन रस्त्यावर बसून स्टीलच्या पेल्यातली दूध-साखर-चिकोरीची कॉफी पिणाऱ्याला तर हा वाद लागूच नाही. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीच्या मिश्रणात रोबस्टा बऱ्याचदा मुद्दामच घालतात.

महागडी गेशा कॉफी रोगप्रतिकारक असते का?

पनामात ती नेली तांबेऱ्यापुढे थोडीफार टिकते म्हणूनच. इथिओपियातून टांझानिया, तिथून कोस्टा रिकाचं केंद्र, मग पनामा. तिचा सुवास जगाने डोक्यावर घेतला तो २००४ नंतर. झाड नाजूक, उत्पन्न कमी. आज ती कोणी रोगाच्या भीतीने लावत नाही.

तांबेरा सोडला तर भारतातल्या कॉफीचा सर्वात मोठा शत्रू कोण?

पांढरा खोडकिडा. आणि इथे पैदासकाराची बाजू लंगडी आहे.

झायलोट्रेकस क्वाड्रिपेस हा एक भुंगेरा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर अशा दोन हंगामांत तो बाहेर पडतो, उन्हात उघड्या पडलेल्या अरेबिकाच्या खोडावर सालीच्या फटीत अंडी घालतो. अळी सालीखालून लाकडात शिरते आणि कित्येक महिने आत बोगदे करत राहते. बाहेरून खोडावर उंचवटे दिसतात, पानं पिवळी पडतात, कोवळं झाड मरतं, मोठं झाड रोडावतं. आत शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही. तांबेऱ्याने झाडाचं एक वर्ष जातं, खोडकिड्याने झाडच जातं.

मग प्रतिकारक वाण का नाही? रोबस्टाला या किड्याचा त्रास जवळजवळ नाही, म्हणजे निसर्गात गुण आहे. पण तांबेऱ्यासारखं एक ठळक जनुक इथे हाताला लागत नाही. साल, लाकूड, त्यातली रसायनं अशा अनेक गोष्टींचा तो मेळ असावा लागतो, आणि तो सगळा अरेबिकात आणताना रोबस्टाची चवही मागोमाग येते. त्यात परीक्षा घेणं महाकठीण. तांबेऱ्यासाठी प्रयोगशाळेत पानाच्या चकत्यांवर बीजाणू टाकले की काही आठवड्यांत निकाल. खोडकिड्यासाठी खोड जाड व्हायची वाट बघा, मग भुंगेऱ्याने ते झाड निवडायची वाट बघा, आणि निवडलं नाही तर ते प्रतिकारामुळे की सावलीमुळे याचा शोध घ्या. अरेबिकाच्या कोणत्याही वाणात खोडकिड्याला भरवशाचा प्रतिकार आजवर आलेला नाही. कोणी तसं म्हणत रोपं विकत असेल तर खिशात हात घालू नका.

उपाय सगळे हाताने करायचे आहेत. दुपदरी सावली राखायची, कारण भुंगेऱ्याला ऊन हवं असतं. हंगामाच्या आधी प्रत्येक झाड तपासायचं, लागण झालेलं उपटून जाळायचं. खोडाची सुटी साल घासून काढायची, पाण्यात कालवलेला चुना लावायचा, नराच्या गंधाचे सापळे टांगायचे. मजूर मिळत नाहीत म्हणून सावलीची झाडं छाटणाऱ्या, तपासणी टाळणाऱ्या मळ्यांत हा किडा माजतो. अनेकांनी अरेबिका काढून रोबस्टा लावली त्यामागे हे मोठं कारण आहे. आज भारतातल्या कॉफीत दोन तृतीयांशाहून जास्त वाटा रोबस्टाचा आहे.

कॅफीन तर कीटकनाशक असतं म्हणे. मग दाण्याला कीड कशी लागते?

बहुतेक किड्यांना ते बाधतं. फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला, म्हणजे हायपोथेनेमस हॅम्पीला, बाधत नाही. त्याच्या आतड्यातले जिवाणू कॅफीन पचवून टाकतात. तिळापेक्षा लहान मादी फळाच्या टोकाकडून भोक पाडून दाण्यात शिरते, तिथेच अंडी घालते, आणि पिल्लं त्या दाण्यातच वाढतात. भारतात हा किडा १९९० साली निलगिरीत गुडलूरला पहिल्यांदा सापडला. याच्याविरुद्धही लागवडीतल्या वाणांत म्हणावा असा प्रतिकार नाही. झाडावर आणि जमिनीवर एकही फळ न सोडता तोडणी करणं हाच मुख्य इलाज. जोडीला ब्युव्हेरिया ही किडीला मारणारी बुरशी फवारतात.

कापसासारखी बीटी कॉफी आहे का?

बाजारात कुठेच नाही. पानं पोखरणाऱ्या अळीविरुद्ध बीटीचं जनुक घातलेल्या रोबस्टाची चाचणी फ्रेंच गयानात झाली होती, पुढे ती लागवडीपर्यंत आली नाही. त्या अळीसाठी ब्राझीलने दुसरी वाट धरली: रेसिमोसा या रानटी जातीशी अरेबिकाचा संकर करून सिरिएमा हा वाण काढला.

केनियाला गेलो होतो. तिथून कच्चं बी आणून लावलं तर?

कृपा करून नको. आफ्रिकेत फळांचा एक रोग आहे, कोलेटोट्रायकम कहावे या बुरशीचा. १९२२ मध्ये केनियात नोंदला गेला, हिरवी फळं काळी पडून वाळून जातात, आणि तो अजून आफ्रिकेबाहेर गेलेला नाही. केनियाने त्याच्यासाठी १९८५ मध्ये रुइरू ११ आणि २०१० मध्ये बॅटियन हे वाण काढले. आपल्याकडचे वाण तांबेऱ्यासाठी निवडलेले आहेत, या रोगाची त्यांच्यावर कधी वेळच आलेली नाही. विमानतळावरचा क्वारंटाइनचा नियम कटकट वाटला तरी पाळा. भाजलेली कॉफी हवी तेवढी आणा.

प्रतिकारक वाण लावला की फवारणी बंद करता येते?

कमी करता येते. पावसाळ्याआधी बोर्डो मिश्रणाची फवारणी कॉफीत अजून चालूच आहे. द्राक्षवाल्यांना ते सांगायला नको.

मुळशी, वेल्हे किंवा महाबळेश्वरकडे जमीन आहे. कोणता वाण लावू?

वाणाच्या आधी पाऊस बघा. अरेबिकाला साधारण हजार मीटरच्या वरची उंची आणि १,६०० ते २,५०० मिलिमीटर पाऊस मानवतो, पण तो वर्षभर विभागून. कोडगू-चिकमगळूरला मार्च-एप्रिलच्या सरी फुलोरा आणतात. आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिन्यांत धो धो कोसळतो, महाबळेश्वरला तर पाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि नंतर मे अखेरपर्यंत जमीन भेगाळते. म्हणजे फुलोऱ्यासाठी पाणी तुम्हाला द्यावं लागणार, निचरा चोख लागणार आणि उन्हाळ्यात टिकणारी सावली आधी उभी लागणार. महाराष्ट्रात चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे, पण तो मेळघाटातला डोंगर. त्यावरून मुळशीचा अंदाज बांधू नका.

हे सगळं जमत असेल तर हौसेपुरती लागवड करायला हरकत नाही. उंची हजाराच्या वर असेल तर चंद्रगिरी किंवा एस. ७९५, सहाशे-आठशे मीटरवर असाल तर रोबस्टाचा विचार करा. रोबस्टा स्वतःच्या परागाने फळत नाही, एकच झाड लावून उपयोग नाही.

एक सावधगिरी. सुरुवातीची काही वर्षं झाडं ठणठणीत दिसतील. लोक फोटो पाठवतात, म्हणतात आमच्या हवेत रोगच येत नाही. कारण साधं आहे, आसपास कॉफीच नाही तर बीजाणू येणार कुठून? ब्राझीलमध्ये कॉफी १७२७ साली गेली आणि तांबेरा पोचला १९७० मध्ये. ती सगळी वर्षं तिथली झाडं निरोगी होती, प्रतिकारक नव्हती.

रोपं ऑनलाइन घेऊ की कॉफी बोर्डाकडून?

बी बोर्डाकडून. आधी मागणी नोंदवावी लागते, पण वाण खात्रीचा असतो. नर्सरीवाल्याकडून घ्यायचंच झालं तर बी कुठून आणलं आणि ते झाड कोणत्या मळ्यातलं हे विचारा. नुसतं 'अरेबिका, रोगमुक्त' असं लिहिलेलं असेल तर ते रोप शोभेचं समजून घ्या.

बाल्कनीतल्या कुंडीत तांबेरा येईल का?

कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर शक्यता फारच कमी. येईल तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसा, निंबोळी तेल फवारा आणि पश्चिमेचं ऊन टाळा. मार्चनंतर पानांच्या कडा करपल्या तर तो रोग नसतो, पुण्याचा उन्हाळा असतो.

मुलीला या विषयात शिकायचं आहे. पुण्यात सोय आहे का?

पाया इथे पक्का होतो. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती पैदास आणि वनस्पती रोगशास्त्र दोन्ही आहेत, आघारकर संशोधन संस्थेत गहू, सोयाबीन आणि द्राक्षावर पैदाशीचं काम चालतं, मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे. भुरी असो, केवडा असो की तांबेरा, परीक्षा घ्यायची रीत तीच. कॉफीसाठी मग बाळेहोन्नूर गाठावं लागेल. तिला कन्नड थोडं येत असेल तर मळ्यातल्या माणसांशी बोलताना फार उपयोगी पडेल.

कोडगूच्या सहलीहून येताना रोप आणलं तर चालेल?

बाल्कनीसाठी एखादं चालेल, पानं खालून बघून आणि मुळांची माती तिथेच झटकून. शेतावर लावायला नको. मळ्यात हिंडलेले बूट आणि कपडेही शेतावर जायच्या आधी धुवा, तांबेऱ्याचे बीजाणू त्यांना चिकटून येतात.